धागा: पीक अठरा महिन्यांचं, सरकारी निर्णय एका रात्रीचा. अडसाली लावू की नको?

कृष्णाकाठ_वाळवा (जून २०२५)

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात आमची नदीकाठची तीन एकर काळी जमीन आहे. विहिरीला पाणी आहे, पाइपलाइन झालेली आहे. आजोबांपासून ऊसच. यंदा मे महिन्यातच पावसानं झोडपलं, वाफसा मिळेना. आता कशीबशी सरी सोडून झाली आहे. पुढच्या पंधरवड्यात अडसाली (पावसाळ्यात लावून साधारण अठरा महिन्यांनी तुटणारा ऊस) लावायची की नाही, यावर घरात एकमत होत नाही.

वडील म्हणतात ऊसच लावा, तो कधी घर बुडवत नाही. धाकट्या भावाचं म्हणणं वेगळं. जुलैत लावलेला ऊस जाणार २०२६-२७ च्या हंगामात. केंद्रानं एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान कायदेशीर दर) जाहीर केली आहे ती २०२५-२६ ची, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये. म्हणजे आपला ऊस ज्या हंगामात तुटणार, त्याचा दर आज कुणालाच माहीत नाही. त्या वेळी साखरेची निर्यात चालू असेल की बंद, इथेनॉलला परवानगी असेल की नसेल, हेही माहीत नाही.

मला त्याचं पटतं. सात डिसेंबर २०२३ आठवतोय का? गाळप ऐन भरात असताना आदेश आला की उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायचं नाही. आठवडाभरात तो सैल केला, १७ लाख टन साखरेपुरती मुभा दिली. तोवर आमच्या भागात दुसऱ्या हप्त्याची चर्चाच थांबली होती. कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभारल्या त्या सरकारच्याच व्याज सवलतीवर.

तर प्रश्न असा: धोरणाकडे बघून पीक ठरवता येतं का? तुम्ही कसं ठरवता? अनुभव लिहा.

---

बेदाणा_सावळज

दादा, मी तासगाव तालुक्यातला, द्राक्षवाला. तुम्हाला अठरा महिन्यांची काळजी, आमची बाग दहा-बारा वर्षं उभी असते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, मधे औषधांचे डोस. यातलं काही सरकारच्या आदेशाची वाट बघत थांबत नाही.

द्राक्षाला ना हमीभाव ना एफआरपी. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं की इकडे व्यापारी लगेच दर पाडून मागतो. पण आमच्याकडं एक पर्याय असतो. द्राक्षाला दर नसला की आम्ही बेदाणा करतो. माल डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचा, शेडमधल्या जाळीवर पसरायचा, पंधरा दिवसांत बेदाणा. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो होतो. तो कोल्ड स्टोअरेजला टाकायचा आणि दिवाळीपर्यंत दर बघायचा. ऊस असा ठेवता येतो का? तोडला की चोवीस तासांत वजन आणि उतारा दोन्ही घटायला लागतात. तुमची खरी अडचण ही आहे. माल धरून ठेवता येत नाही, आणि गिऱ्हाईक एकच.

---

पुणेकर_मूळचा_कराडचा

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. ऊस हे देशातलं एकमेव पीक असेल ज्याला कायद्यानं दर आहे आणि तो कारखान्यानं चौदा दिवसांत द्यायचा आहे. तोड कारखान्याची, वाहतूक कारखान्याची. ज्वारी-बाजरीवाल्याला यातलं काय मिळतं? साखर पन्नास रुपयांवर गेली तर शहरातला हातावर पोट असलेला माणूस काय करेल, याचाही विचार सरकारला करावा लागतो. आणि पाण्याचं काय? उसाला लाडावून ठेवण्यात धोरणाचीच चूक आहे असं मला वाटतं.

---

हिशोबवही

कराडकर, तुमचा पाण्याचा मुद्दा मान्य. दराचा मुद्दा मात्र कागदावर मांडून बघू. मी एका कारखान्याच्या शेती विभागात नोकरी करून निवृत्त झालो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी ही पोस्ट ओलांडून पुढे जावं.

एफआरपी हा पायाभूत उताऱ्याचा दर असतो. २०१७-१८ ला तो पाया ९.५ टक्के होता, दर २५५. पुढच्या वर्षी दर २७५ झाला आणि पाया १० टक्के झाला. पेपरात छापून आलं २० रुपये वाढ. आता आपल्या भागातला १२ टक्के उतारा धरा. आधीच्या वर्षी २५५ अधिक वरच्या २.५ टक्क्यांचे, प्रत्येक ०.१ ला २.६८ रुपये, म्हणजे ३२२. पुढच्या वर्षी २७५ अधिक वरच्या २ टक्क्यांचे, प्रत्येक ०.१ ला २.७५, म्हणजे ३३०. हातात पडलेली वाढ क्विंटलला ८ रुपये. २०२२-२३ ला पाया पुन्हा हलला, १० चा १०.२५ झाला.

त्यात एफआरपी असते कारखान्याच्या गेटवरची. तोडणी-वाहतूक त्यातून वजा. २०२४-२५ चं घ्या: ३४० रुपये, प्रत्येक ०.१ ला ३.३२. १२ टक्क्यांना टनाला सुमारे ३,९८० होतात. तोडणी-वाहतूक समजा ८५० धरली, तर शेतकऱ्याच्या खात्यावर ३,१३० येतात. कारखाना लांबचा असेल तर आणखी कमी.

आता दुसरी बाजू. साखरेचा किमान विक्री दर केंद्रानं जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरवला, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ केला, आणि आज, जून २०२५ मध्येही, तो ३१ वरच आहे. त्या काळात एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेली, तीही वाढीव पायावर. बाजारात साखर ३१ च्या वर विकली जाते हे खरं. पण दर घसरतो तेव्हा खाली आधार आहे तो ३१ चाच. मग कारखाना चौदा दिवस पाळत नाही, आणि त्या थकबाकीवर १५ टक्के व्याज द्यायची तरतूद ऊस नियंत्रण आदेशात असूनही ते व्याज आमच्या टेबलावरून कुणाला गेलेलं मी पाहिलेलं नाही.

---

येरळेची_लेक

काका, धन्यवाद. हे इतकं उलगडून कुणी सांगतच नाही.

मी खानापूर तालुक्यातली, सासर पलूसकडं. उसाचं बिल वर्षातून एक-दोनदा येतं आणि बापय माणसांच्या खात्यावर येतं. घर चालतं ते दुधावर. दर दहा दिवसांचा पगार, त्यातून किराणा, पोरांची फी, दवाखाना. त्यामुळं घरातल्या बाईला विचाराल तर शेतीचं धोरण म्हणजे दुधाचा दर.

गेल्या वर्षी गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लिटरमागं ५ रुपये अनुदान होतं, ऑक्टोबरपासून ७ केलं. चांगली गोष्ट. पण अनुदान ७ झालं त्याच वेळी दूध संघानं द्यायचा दर ३० चा २८ झाला. बेरीज तीच ३५. फरक इतकाच की आधी ३० रुपये दहाव्या दिवशी हातात पडायचे, आता २८. उरलेले कधी येतील ते सांगता येत नाही, कारण त्याला गाईच्या कानातला टॅग, ऑनलाइन नोंद, आधारला जोडलेलं खातं हे सगळं जुळावं लागतं. आमच्या शेजारच्या आक्कांच्या गाईचा बिल्ला गोठ्याच्या जाळीत अडकून तुटला. नवा मारून त्याची नोंद होईपर्यंतचं अनुदान गेलं ते गेलंच. दोन गाई असलेल्या बाईला ते फार असतं. पेंडीचं पोतं मात्र रोखीनं.

---

लोणंदचा_कांदा

येरळेची_लेक ताई, अगदी बरोबर. पैसा किती यापेक्षा कधी, हेच गावात महत्त्वाचं.

कांद्याचं ऐका. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. आठ डिसेंबरला निर्यातबंदी. लोणंदचा हळवा कांदा त्या वेळी बाजारात यायला लागलेला. घरून निघताना एक दर, बाजारात पोचल्यावर दुसरा. मे २०२४ ला बंदी उठवली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरला शुल्क २० वर आणलं. शून्य झालं ते १ एप्रिल २०२५ ला. तोवर बाहेरच्या गिऱ्हाइकानं दुसरीकडं घरोबा केला होता.

कराडकरांना विचारायचं आहे: शहरातल्या गरिबाला स्वस्त कांदा हवा, मान्य. मग तो स्वस्त करायचा खर्च सरकारी तिजोरीतून का होत नाही? माझ्या दोन एकरातून का?

---

पुणेकर_मूळचा_कराडचा

लोणंदकर, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. निर्यातबंदी हा शेतकऱ्यावर न सांगता लावलेला करच आहे, हे मान्य. साखरेचा मोठा हिस्साही घरात न जाता शीतपेयं, बिस्किटं, मिठाईवाले यांच्याकडे जातो, त्यामुळे स्वस्त साखरेचा फायदा गरिबालाच होतो असंही नाही. पाण्याचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

---

माणदेशी

पाण्याचं मी बोलतो, कारण आम्ही ते आयुष्यभर मागितलं आहे.

आटपाडीचा आहे. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पोरगा कळता झाला की गलाईला जायचा. सोनं-चांदी गाळायचं काम, पार केरळपासून पंजाबपर्यंत. विटा, खानापूर, आटपाडीतली गावंच्या गावं परराज्यात. राहिलेले माथाडीला मुंबईत. गावात म्हातारी आणि मेंढरं.

नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना आमची मागची पिढी भाकरी बांधून जायची. मागणी होती समन्यायी वाटपाची, प्रत्येक कुटुंबाला पाणी, जमीन कितीही असो. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं. वीजबिलाचे ८१ टक्के सरकार भरतं, १९ टक्के शेतकरी. ही सवलत नसती तर इतकं उचललेलं पाणी कुणाला परवडलं नसतं. याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

पण पाणी आलं आणि पाठोपाठ ऊस आला. का येऊ नये? बाजरीचा यंदाचा, २०२५-२६ चा, हमीभाव २,७७५ आहे, पण आमच्या भागात त्या दरानं बाजरी घेणारं केंद्र मी बघितलेलं नाही. व्यापारी सांगेल तो दर. उसाची नोंद घ्यायला मात्र कारखान्याचा माणूस मोटारसायकलवर बांधावर येतो. कराडकर, शेतकरी उसाकडं लाडानं जात नाही. विकत घ्यायला येणारा तेवढाच आहे, म्हणून जातो. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी घ्यायला कुणी असंच दारात आलं, तर आमच्यातले निम्मे लोक ऊस लावणार नाहीत. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, माणसालाही पाणी पोचेल.

---

सोयाबीन_कोरेगाव

माणदेशींना दुजोरा. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ होता. आम्ही विकलं चार हजाराच्या आसपास. खरेदी केंद्र होतं, पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. परतीच्या पावसात काढलेल्या सोयाबीनला १२ कुठून आणायचा? १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली नोव्हेंबरच्या मध्यात. तोपर्यंत ज्याला रब्बीचं बी-खत घ्यायचं होतं त्यानं माल विकलेला.

---

साखरशाळा_गुरुजी

थोडं विषयांतर, पण या धाग्यात राहायला हवं म्हणून लिहितो. एफआरपीच्या हिशोबात टोळीवाला, म्हणजे ऊस तोडणारा मजूर, कुठे दिसत नाही. बीडकडून आलेली जोडपी पहाटे फडात उतरतात. त्यांची मुलं पालावर, नाहीतर आमच्या शाळेत दोन-चार महिन्यांपुरती. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेपर्यंत त्यांना मान वर करता येत नाही. शेतकरी आणि टोळी दोघंही तोट्यात, आणि भांडण मात्र त्या दोघांतच होतं, खुशालीवरून.

---

कृष्णाकाठ_वाळवा

गुरुजी, खुशालीचं बरं काढलंत. शहरी सभासदांसाठी सांगतो: तोडणी-वाहतूक बिलातून कापलेली असतेच, तरी टोळी एकरामागं वेगळे पैसे मागते, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खेपेला एंट्री मागतो. नाही दिले तर ऊस वाळतो. गेल्या हंगामात आमच्या शेजाऱ्याच्या फडात टोळीनं अर्धा ऊस पाडला आणि उरलेल्याचे पैसे वाढवून मागितले. पाडलेला ऊस उन्हात पडून. त्यानं सोसायटीच्या पैशातून दिले. दुसरं करणार काय? त्या माणसांच्या डोक्यावर उचल आहे हेही दिसतं, त्यामुळं भांडायलाही जीव होत नाही.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर. पीककर्ज मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. आमची वसुली होते उसाच्या बिलातून. कारखान्याचा हप्ता लांबला की मुदत हुकते आणि व्याजाची सवलत जाते. उशीर दुसऱ्याचा, व्याज आम्हाला.

---

हिशोबवही

याला जोडून एक. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यानं शासन निर्णय काढून एफआरपीचे तुकडे केले. पहिला हप्ता पुणे-नाशिक विभागाला १० टक्के उताऱ्यानं, बाकीचा हंगाम संपून खरा उतारा निघाल्यावर. आपल्याकडं १२ चा उतारा आणि हप्ता १० चा, म्हणजे टनाला कितीतरी रक्कम महिनोन्‌महिने कारखान्याकडं. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. तीन हंगाम त्यात गेले. तरी निकाल महत्त्वाचा आहे. केंद्राच्या आदेशात जे एकरकमी आहे ते राज्याला तोडता येत नाही, हे आता लेखी आहे. बिल थकलं तर साखर आयुक्तांकडं अर्ज करताना याचा आधार घ्या.

---

बेदाणा_सावळज

काका, तुम्ही निवृत्त झालात हे आमच्या भाग्याचं. आत असता तर एवढं बोलला नसता :)

---

हिशोबवही

आत असतानाही बोलायचो. म्हणून तर बढती नाही मिळाली :)

---

दिग्रजची_हळद

उशिरा आले. मूळ प्रश्नाकडं वळू या का? दादांची जमीन रिकामी आहे आणि पाऊस थांबायचा नाही.

आमच्याकडं हळद आणि ऊस फेरपालट करतात. हळदीला हमीभाव नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला सुरू झालं. मंडळाचा आपल्याला उपयोग काय होईल ते पुढं दिसेल. पण सांगलीचा बाजार जवळ आहे आणि सौदा डोळ्यांसमोर होतो. वाळलेली, पॉलिश केलेली हळद घरात वर्षभर ठेवता येते. पूर्वी हरिपूरच्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) ठेवायचे, २००५ च्या पुरात त्यांचं फार नुकसान झालं. बेदाणावाल्या दादांनी म्हटलं तेच: ज्याचा माल थांबू शकतो त्याला धोरणाचा फटका कमी बसतो.

पण खर्चाची बाजूही सांगते. बियाणं महाग, काढणी-शिजवणी-वाळवणीला माणसं लागतात, आणि कंदकूज लागली तर काही हाती लागत नाही. पाणी साचणारं रान असेल तर लावूच नका. आणि यंदाची वेळ गेली. अक्षय्य तृतीयेपासून फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावण व्हायला हवी होती.

---

माणदेशी

मग या रानात सोयाबीन घेऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर्वहंगामी लावली तर? तोवर येत्या हंगामाचं वारं तरी कळेल.

---

सोयाबीन_कोरेगाव

चालेल, पण जुलैच्या मध्याच्या आत पेरा. यंदाचा, २०२५-२६ चा, हमीभाव ५,३२८ आहे, पण तो दर धरून हिशोब करू नका. मे अखेरीला कच्च्या खाद्यतेलाचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलंय, म्हणजे दर उचलायची आशा कमी. घरचा खर्च निघतो का तेवढं बघा. बेवड (फेरपालटातलं आधीचं पीक) म्हणून उसाला सोयाबीन चांगलं, ते सरकारच्या हातात नाही.

---

कृष्णाकाठ_वाळवा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा वडिलांना मोबाइलवर वाचून दाखवला. हिशोबवही काकांची पहिली पोस्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली, आणि मागच्या हंगामाचं बिल काढून उतारा तपासला.

ठरलं ते असं. एक एकर अडसाली, को ८६०३२ जातीची, वडिलांच्या मनासारखी. एक एकर सोयाबीन, त्यावर पूर्वहंगामी. वरच्या बाजूला पाण्याचा निचरा होणारं एक एकर आहे, त्यात आत्ता ताग पेरून गाडायचा आणि पुढच्या वैशाखात हळद. भावाला अजून वाटतं अर्धा एकर तरी भाजीपाला हवा, रोजचा पैसा म्हणून. येरळेची_लेक ताईंचा दहा दिवसांच्या पगाराचा मुद्दा तोच धरून बसलाय.

एक शंका: सोसायटीचं कर्ज आम्ही तिन्ही एकरांना ऊस दाखवून घेतो. पीक बदललं तर मर्यादा कमी होईल ना?

---

हिशोबवही

होईल. पीककर्जाचा एकरी दर पिकावर ठरतो आणि उसाचा सोयाबीनपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून बरेच जण रानात काही असलं तरी कागदावर ऊस ठेवतात. ते करू नका, विमा किंवा नुकसानीचा पंचनामा निघाला की अडचण येते. सोसायटीच्या सचिवांकडं क्षेत्रवार खरं पीक लिहून द्या, पोच घ्या, ई-पीक पाहणीतही तेच नोंदवा.

आणि अडसाली लावल्यावर कारखान्याकडं नोंद लगेच करा. लावणीची तारीख पावतीवर बघून घ्या, तोडणीचा क्रम त्याच तारखेवर लागतो. लिपिकानं तारीख पुढची टाकली तर तुमचा ऊस फेब्रुवारीपर्यंत उभा राहील.

---

दिग्रजची_हळद

हळदीचं बियाणं जानेवारीतच सांगून ठेवा, मे महिन्यात शोधायला गेलात तर दुप्पट पैसे जातात. जेठा गड्डे (हळदीचे मुख्य, मोठे कंद) बघून घ्या, रोग नसलेल्या रानातले. आमच्या गटाकडं असतील तर मी इथंच कळवते.